कारण न सांगता

मार्च उजाडला की आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाबाहेरचा सूचनाफलक भरून जायचा. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कॅम्पसाइटवर तंबू उभारायला मुलं हवीत. मायोर्काच्या हॉटेलात वाढपी हवेत. ग्रीसमध्ये पाहुण्यांची पोरं सांभाळायला मुली हव्यात. उन्हाळा सरत आला की हिवाळ्याच्या जाहिराती लागत: आल्प्समध्ये स्कीइंगला येणाऱ्यांच्या लाकडी घरांत नाश्ता रांधायचा, बिछाने घालायचे, आणि दुपारी आपणही बर्फावर मोकळं. पगार बेताचा, राहणं-जेवण त्यांच्याकडे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला स्विंडन नावाचं रेल्वेमुळे वाढलेलं गाव आहे. तिथल्या एका कॉलेजात मी ग्रंथालय सांभाळते. आमच्याकडे येणारी मुलं मोठ्या विद्यापीठांत जाणारी नव्हेत. केशकर्तन, वीटकाम, सुतारकाम, केटरिंग शिकायला येतात. कुणाचे आजोबा रेल्वेच्या कारखान्यात इंजिनं बांधत होते, कुणाचा बाप होंडाच्या कारखान्यात. रेल्वेचा कारखाना १९८६ साली बंद झाला, होंडाचा जुलै २०२१ मध्ये. अशा घरातलं एकोणीस वर्षांचं पोर माझ्या टेबलाशी येऊन जाहिरातीचा कागद दाखवायचं आणि विचारायचं, "याला फक्त पासपोर्ट पुरतो ना?" पुरतो, मी म्हणायचे. मग ते पोर जायचं. ‘सीझन करून’ परत यायचं तेव्हा त्याची चालसुद्धा बदललेली असायची. एका मुलाला मी चार वाक्यं धड बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तो ग्रेनोब्लजवळच्या एका स्वयंपाकघरात हिवाळा काढून आला आणि ग्रंथालयात फ्रेंच पाकक्रियेची पुस्तकं मागू लागला.

तो फलक अजून आहे, जाहिरातीही लागतात, पण बहुतेकींच्या तळाशी एक ओळ वाढली आहे: युरोपीय महासंघाचा पासपोर्ट असणाऱ्यांनीच अर्ज करावा. पर्यटन व्यवसायातल्या संघटनांनी २०२३ साली मोजदाद केली, तेव्हा युरोपात अशी कामं करणाऱ्या ब्रिटिशांची संख्या २०१७ च्या तुलनेत दोन-तृतीयांशाहून अधिक घटलेली दिसली. फलकासमोर थांबणारी मुलं ती शेवटची ओळ वाचतात आणि पुढे जातात. रागावतही नाहीत. असं कधी तरी होतं, हेच त्यांना ठाऊक नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी युरोपीय समूहात गेला आणि ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री अकरा वाजता, म्हणजे ब्रसेल्समध्ये मध्यरात्र झाली तेव्हा, इथल्या लोकांचा युरोपात कुठेही जाऊन राहण्याचा, काम करण्याचा, शिकण्याचा हक्क संपला. आता कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरून यायला परवानगी आहे. फिरायचं, पैसे खर्च करायचे, परत यायचं. काम करायचं असेल तर आधी परवाना.

आपल्याकडच्या वाचकाला यात काय नवल वाटणार? आपण जन्मापासून परवान्याची माणसं. माझा पासपोर्ट अजून भारताचा आहे. लाइपझिगला राहणाऱ्या माझ्या मुलीला भेटायला जायचं तर मी आजही बँकेचे उतारे, पगाराच्या पावत्या, विमा, परतीचं तिकीट आणि मुलीचं निमंत्रणपत्र असं भेंडोळं घेऊन लंडनला जाते. काचेपलीकडचा माणूस विचारतो, जाण्याचा उद्देश? मला त्याचा राग येत नाही, इतकी मी त्या प्रश्नाला सरावले आहे. पण म्हणूनच मला वाटतं, या देशाच्या मुलांनी काय गमावलं ते माझ्यासारखीला अधिक लख्ख दिसतं. त्यांना कुणी उद्देश विचारत नव्हतं. विसाव्या वर्षी बहुतेकांकडे उद्देश नसतोच. तो जाऊन सापडतो, किंवा सापडत नाही आणि माणूस परत येतो. दोन्ही चालून जायचं.

मुलीचंच सांगते. २०१४ साली ती इरॅस्मस योजनेतून इतिहास शिकायला वर्षभर लाइपझिगला गेली. ही योजना १९८७ पासूनची. तिथल्या विद्यापीठात फी भरावी लागत नाही, वर थोडा भत्ता मिळतो. वर्ष संपलं, तिने इथली पदवी पुरी केली आणि एका सकाळी म्हणाली, आई, मी परत चाललेय. कशासाठी? माहीत नाही. मी सावंतवाडी तालुक्यातल्या घरात वाढलेली. ‘माहीत नाही’ म्हणून कुणी देश ओलांडतो, हे मला उमगेना. ती गेली. पहाटे चारला उठून एका बेकरीत पाव भाजायला लागली, ते सोडलं, मग उपाहारगृहात भांडी. चांगले सात-आठ महिने ती कुठेच पोचत नव्हती. त्या काळात तिच्या खोलीच्या खाली एक जुना पुस्तकबांधणीचा कारखाना होता. लाइपझिग हे छापखान्यांचं आणि पुस्तकांचं गाव, जर्मनीत छापलेलं प्रत्येक पुस्तक जतन करणारं ग्रंथालय तिथे १९१२ पासून आहे. रिकाम्या दुपारी ती त्या कारखान्यात जाऊन बसू लागली. मालकाने आधी केर काढायला लावला, मग खळ करायला, मग दोरा ओवायला. आज ती जुन्या हस्तलिखितांची डागडुजी करते, त्यात नाव आहे तिचं. हा धंदा जगात आहे, हे घरातून निघताना तिला माहीत नव्हतं. कुठल्या अर्जावर तिने हा उद्देश लिहिला असता?

त्याच दिवसांत तिने फोनवर मला एका सुताराबद्दल सांगितलं होतं. काळा कॉर्डरॉयचा पोशाख, रुंद काठाची टोपी, हातात पीळदार काठी, पाठीवर बोचकं. जर्मनीत ही रीत शतकानुशतकांची आहे: कसब शिकून झालेला तरुण तीन वर्षं आणि एक दिवस गावोगाव हिंडतो, मिळेल तिथे काम करतो, त्या काळात स्वतःच्या गावाच्या पन्नास किलोमीटरच्या आत पाऊल टाकत नाही. अट अशी की तिशीच्या आतला असावा, लग्न झालेलं नसावं, डोक्यावर कर्ज नसावं. घरात फोन स्पीकरवर होता. माझा धाकटा मुलगा तेव्हा शाळेत होता, आणि लाकूड म्हटलं की त्याचे डोळे चमकत. ताईने त्या सुताराचा फोटो पाठवला, तो त्याने आपल्या खोलीत लावला.

ब्रिटनने युरोपीय महासंघात राहावं की बाहेर पडावं यावर २३ जून २०१६ ला सार्वमत झालं तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. आमच्या घराच्या पुढच्या गल्लीत एक शेजारी राहतात, गोव्यातल्या पेडण्याचे. आम्ही तिघांनी त्या दिवशी काय केलं ते मी अनेकदा मनाशी मांडून पाहिलं आहे. मी भारतीय पासपोर्टवर असूनही मत दिलं, कारण राष्ट्रकुल देशांच्या इथे राहणाऱ्या नागरिकांना तो हक्क होता. शेजारी पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपीय म्हणून इथे आलेले, त्यांच्या घराचा प्रश्न ऐरणीवर, पण त्यांना मत नव्हतं. आणि ज्याचं सारं आयुष्य पुढे पडलं होतं, जो याच गावात जन्मला, त्या माझ्या मुलालाही नव्हतं. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात २०१४ साली सोळा वर्षांच्या मुलांनी मतदान केलं होतं. इथेही तसं व्हावं म्हणून लॉर्ड्सच्या सभागृहाने दुरुस्ती सुचवली, ती कॉमन्सने फेटाळली. मतदान केलेल्या अठरा ते चोवीस वयाच्या दहांतल्या सातांनी राहण्याच्या बाजूने मत दिलं, असं मतदानानंतरच्या पाहण्या सांगतात. देशाचा कौल ५१.९ विरुद्ध ४८.१. स्विंडनमध्ये बाहेर पडण्याच्या बाजूने जवळजवळ ५५ टक्के.

त्या ५५ टक्क्यांत माझ्या ओळखीची, माझ्या जिव्हाळ्याची माणसं आहेत. गोदामातले पगार वर्षानुवर्षं तिथेच राहिले, भाडी वाढली, डॉक्टरकडची रांग लांबली, आणि दर आठवड्याला गावात नवी माणसं येताना त्यांना दिसत होती. त्यांचं दुखणं खरं होतं. पण ये-जा हा एकच रस्ता होता, आणि येणाऱ्यांकडे पाहताना आपली मुलं त्याच रस्त्याने जाताहेत हे कुणी त्यांना दाखवलं नाही. प्रचारात सगळे येणाऱ्यांबद्दल बोलले. जाणाऱ्यांबद्दल बोलणारा आवाज मी तरी फारसा ऐकला नाही.

रस्ता बंद होणं म्हणजे काय, हे मला आजीमुळे ठाऊक होतं. माझं गाव आरोंदा. तेरेखोल नदीच्या अलीकडचं. पलीकडे किरणपाणी, पेडणे तालुका, गोवा. माझी आजी पलीकडची, लग्न होऊन अलीकडे आली. नदीत होडी चालायची, आणि सणावाराला माहेरी जायचं म्हणजे होडीत बसायचं, एवढंच. मग सीमेवरच्या पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगिजांनी गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या आणि सीमा बंद झाली. चोरून जाणारे गडी जात. पदरात लहान पोरं असलेल्या बाईला ते कुठलं जमायला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत आजी माहेराला मुकली. तिच्या भावाचं लग्न त्याच काळात झालं; वाजंत्री वाऱ्यावर ऐकू आली, असं ती सांगायची. "नदी तीच, पाणी तांच, पन पलीकडे जाऊक गावना नाय." सीमा कुणी, कशासाठी बंद केली, याबद्दल तिची तक्रार नव्हती, गोवा सुटायलाच हवा होता असं ती म्हणे. तिचं दुःख निराळं होतं. होडीत बसण्याआधी कुणाला तरी काहीतरी सांगावं लागावं, हे तिला कळतच नव्हतं. आणि सहा वर्षांनी होड्या पुन्हा चालू झाल्या तेव्हा तिची आई राहिली नव्हती.

त्याच नदीने पुढे आणखी एक हिशोब मांडला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचा कायदा नागरिकत्व देऊ करतो. लिस्बनच्या दफ्तरात जन्माची नोंद झाली की झालं. पोर्तुगाल १९८६ पासून युरोपीय समूहात. त्यामुळे पेडण्याचा, म्हापशाचा, मडगावचा तरुण लिस्बनला नाव नोंदवून थेट स्विंडनच्या गोदामात कामाला येऊ शकत होता. भारताचं नागरिकत्व सोडावं लागे, ते मन घट्ट करून सोडत. हजारो आले. आमच्या गावात कोकणी कानावर पडते ती त्यामुळे. आमचे शेजारी असेच आले, २०२१ च्या आत इथला कायमचा हक्क मिळवून बसले. त्यांच्या धाकट्या भावाच्या मुलाचे कागद मात्र उशिरा झाले. तो आज डब्लिनला जाऊ शकतो, म्युनिकला जाऊ शकतो, पण काकाकडे स्विंडनला येऊन काम करू शकत नाही.

शेजाऱ्यांची मुलगी आमच्या कॉलेजात केटरिंग शिकते. मागच्या वसंतात ती त्या फलकासमोर उभी राहिली, तळाची ओळ वाचली आणि कागद काढून माझ्याकडे घेऊन आली. "मावशी, माझा पासपोर्ट चालेल ना?" तिचा चालतो. पणजोबा पेडण्यात जन्मले म्हणून नव्हे. आजोबा जन्मले म्हणून, एक पिढी इकडे-तिकडे झाली असती तर तिचाही कठीण झाला असता. तिच्याच वर्गातल्या, चार पिढ्या स्विंडनमध्ये काढलेल्या मैत्रिणींचा चालत नाही. ती एकटीच फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर गेली. मैत्रिणी तिला निरोप द्यायला बसस्टँडवर आल्या होत्या. मला त्या पोरींचं कौतुक वाटलं; कुणाच्या तोंडावर असूया नव्हती.

आयर्लंडचंही तसंच. ज्याची आजी कॉर्कची, तो आयरिश पासपोर्ट काढतो आणि युरोप त्याला पुन्हा मोकळा. सार्वमतानंतर आयरिश पासपोर्टसाठी ब्रिटनमधून अर्जांची रीघ लागली ती उगाच नाही. म्हणजे आता एखाद्या मुलाला कुठवर जाता येईल हे त्याच्या आजीच्या जन्मगावावर ठरतं, नाहीतर बापाच्या खिशावर. कारण युरोपातल्या कितीतरी विद्यापीठांत ब्रिटिश मुलांना आता परदेशी म्हणून चढी फी पडते. पलीकडून येणाऱ्यांचंही तेच: २०२१ च्या शरदात इथल्या विद्यापीठांत नव्याने दाखल होणाऱ्या युरोपीय विद्यार्थ्यांची संख्या एका वर्षात निम्म्याहून कमी झाली. शहाणपणाच्या शोधात हिंडणं हे पुन्हा सधन घरांचं सुख झालं. माझ्या कॉलेजातल्या मुलांना जे फुकट होतं ते गेलं, आणि हेच मला सगळ्यात जास्त लागलेलं आहे.

माझ्या मुलालाही कुणीतरी सांगितलं, तुझी पणजी गोव्याची ना? एके रात्री त्याने मला पणजीचं माहेरचं नाव विचारलं, जन्मसाल विचारलं. मला साल नक्की सांगता येईना. पेडण्याच्या नोंदणी कचेरीत कुठेतरी पोर्तुगीज अक्षरांत तिचं नाव असेल. पण मधली पिढी म्हणजे माझी आई. ती गेली, तिची नोंद कधी झाली नव्हती, आणि पणतू त्या कायद्याच्या बाहेरच. तो बराच वेळ पडद्यावर काहीबाही वाचत बसला होता. जिला स्वतःला सहा वर्षं नदी ओलांडता आली नाही, तिच्या नावावर माझा मुलगा युरोप शोधत होता.

त्याचं सुतारकामाचं शिक्षण २०२० च्या उन्हाळ्यात संपलं. ताईकडे जाऊन तिथे हात मुरवायचा, असं त्याच्या मनात कधीचं होतं, आणि हक्क डिसेंबरपर्यंत शिल्लक होता. पण ते करोनाचं वर्ष. कारखाने बंद, विमानं बंद. जग उघडलं तोवर दार लागलं होतं. त्याच्या बरोबरीच्या साऱ्या मुलांचं हे असं झालं. शेवटचं वर्ष आजाराने खाल्लं, आणि त्याची भरपाई कुणी दिली नाही. जे तिथे आधीपासून राहत होते, माझ्या मुलीसारखे, त्यांचा हक्क करारात शाबूत राहिला, तोही त्या एका देशापुरता. व्हिएन्नाच्या एका संग्रहालयातलं काम तिला आवडलं होतं. तिथे ती परकी ठरते.

इरॅस्मसला धोका नाही, असं पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी जानेवारी २०२० मध्ये संसदेत सांगितलं होतं. त्याच वर्षी २४ डिसेंबरला ती योजना सोडल्याचं जाहीर झालं. तिच्या जागी ट्युरिंग योजना आली. तिने कितीतरी मुलांना बाहेर पाठवलं, आमच्या कॉलेजातल्या काही मुलांनाही, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण तिच्यात इकडून जाणाऱ्यांसाठीच पैसा आहे, तिकडून येणाऱ्यांसाठी नाही; आणि हक्काची जागा तिने घेतलेली नाही. वेल्सने आपली वेगळी योजना काढली. आता २०२७ पासून ब्रिटन इरॅस्मसमध्ये परत जाणार, असं ठरलं आहे. ही बातमी वाचून मी ग्रंथालयात एकटीच हसले. तरुणांसाठी आणखी एका योजनेवर काम करायचं ब्रिटन आणि युरोपीय महासंघाने मे २०२५ मध्ये ठरवलं, ठरावीक मुदतीसाठी; किती जणांना, यावर मर्यादा असावी हा ब्रिटनचा आग्रह. मर्यादा आली की निवड आली, निवड आली की उद्देश आला. माझ्या पुण्याच्या भाच्याने भारतीय तरुणांसाठीच्या ब्रिटिश योजनेत अर्ज केला होता; वर्षाला ३,००० जागा, पदवी हवी, खात्यात २,५३० पौंड हवेत, आणि त्यावर सोडत. त्याचं नाव निघालं नाही. आपली मुलं या सोडतीला नशीब म्हणतात आणि पुन्हा अर्ज करतात. इथल्या मुलांनाही आता तेच शिकावं लागणार, असं मला दिसतं, आणि आपण त्यांच्यासारखे मोकळे व्हायच्या ऐवजी ती आपल्यासारखी अडकली याचा मला जराही आनंद नाही.

मुलगी अजून प्रयत्न सोडत नाही. तिच्या कारखान्यापासून दोन गल्ल्यांवर एक सुतार आहे, जुन्या खिडक्या आणि जिने दुरुस्त करणारा. त्याला माणसाची गरज आहे. तिने भावाच्या कामाचे फोटो दाखवले, त्याला आवडले. करारपत्र हातात असलं तर परवान्याचा अर्ज करता येतो, हेही तिने त्याला समजावलं. तो भला माणूस आहे, तासभर बोलला तिच्याशी. पण तो म्हणाला, फोटो बघून मी कुणाला करार देत नाही, बापाच्या वेळेपासून दिलेला नाही. पोराने एक महिना येऊन माझ्या बाकावर काम करावं. मला त्याचा हात बघू दे, त्याला माझा स्वभाव बघू दे, मग कागद करू.

तो एक महिना आता कायद्यात बसत नाही. पाहुणा म्हणून नव्वद दिवस त्या बाकाशेजारी उभं राहायला माझ्या मुलाला परवानगी आहे. रंधा हातात घ्यायला नाही. पाच वर्षांपूर्वीपर्यंत तो रात्रीच्या बसने निघून तिसऱ्या दिवशी तिथे कामाला लागला असता. येत्या सप्टेंबरात तो मेलबर्नला जातो आहे. ऑस्ट्रेलिया ब्रिटिश मुलांना पस्तिशीपर्यंत काम करत हिंडण्याचा व्हिसा देतं. त्याने तिकिटासाठी वर्षभर पैसे साठवले. त्या सुताराने अजून दुसरा माणूस घेतलेला नाही.